जुनी बोट विकली, आता घेणारा म्हणतो परत न्या

प्रतापनगरचा नावाडी | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, पण आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे सोळा फुटी फायबरची बोट होती, मागे २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. मेहुण्यासोबत उमरेडकडच्या एका तलावावर पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचा उद्योग केला होता, त्यासाठी घेतलेली. उद्योग बसला, मेहुणा पुण्याला गेला आणि बोट आमच्या प्लॉटवर ताडपत्रीखाली येऊन पडली. बायको रोज विचारायची, हिच्यात आता लोणचं घालायचं का? शेवटी जाहिरात टाकली. पवनीकडचे एक गृहस्थ आले, चारी बाजूंनी बघितलं, ठोकून बघितलं. पाण्याच्या ड्रमात इंजिनाचा पाय बुडवून मी ते चालू करून दाखवलं. घासाघीस होऊन १,८५,००० ला सौदा झाला. ५०,००० रोख, बाकी खात्यावर. त्यांनी टेम्पो आणला आणि घेऊन गेले. कागद म्हणाल तर वहीच्या पानावर चार ओळी आणि दोघांच्या सह्या.

याला तीन आठवडे झाले. परवा फोन आला की इंजिन जाम झालंय आणि मागच्या फळीतून पाणी येतंय. तुम्ही फसवलं, बोट परत न्या, पैसे द्या, नाहीतर पोलिसात जातो. काल त्यांच्या भाच्याचा फोन आला, त्याची भाषा इथे लिहिण्यासारखी नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी वस्तू, बघून घेतली, विषय संपला. की नाही?

तर्रीवाला | रविवार, रात्री १०.२२

नागपुरात बोट! अबे राजा, आमच्या गल्लीत नळाले पाणी येत नाही अन् तू बोट घेऊन बसला होता? चुकीच्या टायमाले विकली पण. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलावाचं पाणी रस्त्यावर आलं होतं तेव्हा विकाची होती, दुप्पट भाव भेटला असता.

जुना धंतोलीकर | रविवार, रात्री १०.४०

तर्रीवाला, त्या विषयावर विनोद नको. २३ सप्टेंबरच्या पहाटे आमची मावशी डागा लेआउटमध्ये एकटी होती. कंबरभर पाण्यात पलंगावर खुर्ची ठेवून बसली होती ती. माणसं गेली त्या रात्री. बोटीतूनच लोकांना बाहेर काढलं.

तर्रीवाला | रविवार, रात्री १०.४४

चुकलं काका. मागे घेतो.

इतवारी | रविवार, रात्री ११.०५

धंद्यातली गोष्ट सांगतो. विकलेला माल परत घ्यायचा नसतो, पण गिऱ्हाइकाचा फोन उचलायचा असतो. तुम्ही उचलत आहात ना? फोन बंद केला की माणूस चिडतो आणि मग मुद्दा पैशांचा राहत नाही. रोख दोन लाखांच्या आत होती तेवढं बरं केलं, दोन लाख किंवा वर रोख घेतली असती तर आयकराचं वेगळंच लचांड.

सदर इसम | सोमवार, सकाळी ७.३०

(सदरमध्ये राहतो, कोर्टात काळा कोट घालतो, म्हणून हा आयडी. फुकटचा सल्ला आहे, फुकटाच्या लायकीचा समजा.)

‘जुनी वस्तू, बघून घेतली’ हे अर्धं बरोबर आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ म्हणतं की सर्वसाधारणपणे मालाच्या दर्जाची हमी विक्रेत्याने दिलीच आहे असं गृहीत धरायचं नाही, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यांना लागतात. तुम्ही बोटींचे व्यापारी नाही. ग्राहक आयोगात जाईन अशी धमकी आली तरी तिथे याच मुद्द्यावर अडेल.

उरलेलं अर्धं १८७२ च्या करार कायद्यात आहे. तुम्ही खोटं सांगितलं असेल किंवा माहीत असलेला दोष मुद्दाम झाकला असेल, तर कलम १७ ते १९. नुसतं गप्प बसणं ही दरवेळी फसवणूक होत नाही. पण ‘काही दुरुस्ती केली आहे का?’ असं त्यांनी विचारल्यावर ‘नाही’ म्हणाला असाल तर ते गप्प बसणं नव्हे.

पोलिसांचं म्हणाल तर फसवणुकीच्या गुन्ह्याला (पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८) सुरुवातीपासून खोटा हेतू लागतो. नुसतं इंजिन बिघडलं तर ते दिवाणी प्रकरण.

तेव्हा दोन प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय लिहिलंय? ते डिलीट करू नका, तुमच्या बाजूचं असो वा विरुद्ध. आणि त्यांनी नेमकं काय विचारलं होतं?

मृण्मयी | सोमवार, सकाळी ९.१२

माझा अनुभव दुचाकीचा आहे, पण ऐका. जुनी स्कूटर ओळखीतल्या मुलाला विकली, ‘ताई, नाव मी करून घेतो’ म्हणाला. आठ महिन्यांनी चलान माझ्या मोबाइलवर. तीन सीट, हेल्मेट नाही, आणि फोटोत मागे बसलेली मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. चलान मी भरलं. नंतर तीच गाडी एका म्हाताऱ्यांना घासून गेली तेव्हा पोलीस आधी माझ्या दारात आले. आईला वाटलं मीच कुणाला उडवलं.

तुमच्या बोटीची नोंदणी कुणाच्या नावावर आहे?

प्रतापनगरचा नावाडी | सोमवार, दुपारी १.५०

माझ्याच. त्यांनीही ‘करून घेतो’च म्हटलं होतं. विमा तर गेल्या वर्षीच संपलाय.

मृण्मयी | सोमवार, दुपारी १.५२

झालं. 🤦‍♀️

सदर इसम | सोमवार, दुपारी २.३०

पैसे परत करायचे की नाही हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला हा.

वाहनांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये (नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार) स्पष्ट सांगितलंय, गाडी चार हातांतून गेली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून. बोटीला मोटार वाहन कायदा लागत नाही. तिला अंतर्देशीय जलयान कायदा, १९१७ चा जुना जाऊन २०२१ चा नवा. त्यात यांत्रिक बोटीला तपासणी, नोंदणी आणि विमा तिन्ही आहेत. पण ‘कायदा वेगळा आहे, माझी जबाबदारी नाही’ हे तुम्हाला कोर्टात सिद्ध करत बसायचंय का, तेही कुणी बुडाल्यावर?

आजच नोंदणी अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र टाका: अमुक तारखेला, अमुक व्यक्तीला, अमुक नंबरची बोट आणि अमुक नंबरचं इंजिन विकून ताबा दिला. इंजिनाचा नंबर वेगळा लिहा, लोक विसरतात. प्रत घेणाऱ्यालाही पाठवा.

वैनगंगाकाठ | सोमवार, दुपारी ४.००

मी पवनीचाच. धागाकर्त्यांनी नाव लिहिलं नाही तरी अंदाज आला, आमच्याकडे गेल्या महिन्यात एकच फायबरची बोट आलीय. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात लोकांना फिरवायला सुरू केलीय. भल्या माणसाने पोराच्या लग्नाचे पैसे त्यात घातलेत, त्याला लुटारू समजू नका.

फोटो मात्र मीही बघितलाय. चौदा माणसं. लाइफ जॅकेट एकाच्याच अंगात, तेही भाच्याच्या, सेल्फीपुरतं.

तर्रीवाला | सोमवार, दुपारी ४.०९

चौदा?? सोळा फुटात? आमच्या बर्डीच्या ऑटोतबी आता एवढे बसत नाही.

देवगडचा तांडेल | सोमवार, रात्री ८.४५

कायदा तुम्ही बघा, इंजिनाचं मी सांगतो. बापाची बोट, आजाची बोट, माझं हात काळे करण्यात आयुष्य गेलं.

आउटबोर्ड थंड होतं ते बाहेरच्या पाण्याने. पायाला बाजूला जाळी असते, तिथून पाणी आत येतं, आतला रबरी इम्पेलर ते वर ढकलतो, इंजिनाभोवती फिरून ते बाहेर पडतं. त्यातली एक बारीक धार मागच्या भोकातून उडताना दिसते. आमच्याकडे इंजिन चालू केल्याकेल्या पहिला प्रश्न, ‘मुततंय काय?’ मुतलं नाही तर ताबडतोब बंद. मिनिटभराचीही चैन नाही. पाण्याशिवाय चालवलं तर इम्पेलरची पाती जळून तुटतात, मग पाण्यात उतरवलं तरी वर पाणी चढत नाही, डोकं तापतं, पिस्टन सिलिंडरला धरतो. त्याला तुम्ही ‘जाम झालं’ म्हणता.

दुसरं कारण, टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली. पोरगा पंपावर गेला आणि साधं पेट्रोल ओतून आला की खेळ खलास. हे नव्या माणसाला कुणी सांगितलं होतं का?

फळीचं वेगळं. फायबरच्या बोटीत इंजिन लटकतं त्या फळीच्या पोटात बहुधा लाकूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की लाकूड आतून कुजतं, वरून फायबर छान दिसतं. रबरी हातोडीने ठोका. टणक आवाज आला तर बरं, भद्द आला तर कुजलं. ती कूज तीन आठवड्यांत होत नाही हो. वर्षं लागतात.

शंकासूर | सोमवार, रात्री ९.२०

तांडेलांच्या शेवटच्या ओळी परत वाचा आणि मग वरचा धागा परत वाचा. धागाकर्ते इंजिनाबद्दल बोलतायत, नोंदणीबद्दल बोलतायत. सदर इसमांनी सकाळी विचारलं की दुरुस्तीबद्दल काय बोलणं झालं. बारा तास उलटले, उत्तर नाही. फळीबद्दल चकार शब्द नाही.

जुना धंतोलीकर | सोमवार, रात्री ९.३५

शंकासूर, माणूस अडचणीत आहे, उलटतपासणी कशाला?

अवांतर: वैनगंगाकाठ, तुमच्याकडे अजून डोंगा म्हणतात का? आमचे वडील भंडाऱ्याला नोकरीला होते. मामा तलावांवर ढिवर मासेमार लोकांचे लाकडी डोंगे असायचे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पण लहानपणी मला वाटायचं की हा कुणाच्या तरी मामाचा तलाव आहे.

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री ९.५०

डोंगाच म्हणतात काका. ही फायबरवाली आली तर म्हाताऱ्या म्हणतात ‘बटाटाचा डोंगा’, कारण ती पिवळी आहे.

आणि तांडेल, जाळीचं तुम्ही म्हणालात ते वाचून डोक्यात उजेड पडला. इथे भंडाऱ्यापर्यंतच्या फुगवट्यात इकॉर्निया आहे, जलपर्णी. तिच्या मुळ्या केसांसारख्या. ती पोसते कशावर ते नागपूरकरांनी विचारू नये. तुमची नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि सगळं येऊन साचतं गोसीखुर्दला.

तर्रीवाला | सोमवार, रात्री ९.५३

म्हणजे बोट नागपूरची, घाणबी नागपूरची. आमचीच आम्हाले आडवी आली. मारबतीचा पुतळा काढा बाप्पा, इडा पिडा घेऊन जाईल.

देवगडचा तांडेल | सोमवार, रात्री १०.१०

मुळ्या जाळीत बसल्या की इंजिन तहानेने मरतं. खारं पाणी गंज देतं, पण ही असली मुळी आमच्याकडे नाही. त्यांना सांगा, दर फेरीनंतर इंजिन बंद करून पाय वर उचला आणि जाळी हाताने साफ करा. पंख्यातही गुंतते ती.

प्रतापनगरचा नावाडी | सोमवार, रात्री ११.४०

शंकासूर, तुमचा राग आला होता. तासभर फेऱ्या मारल्या आणि आता लिहितोय.

फळीला दोन वर्षांपूर्वी चीर गेली होती. मी वरून फायबरचा पट्टा मारून रंग लावून घेतला होता. आत लाकूड बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती म्हणा. त्यांनी विचारलं होतं, ‘कुठे काम केलंय का?’ मी म्हणालो, ‘रंग मारलाय फक्त.’ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंय ‘एकदम ओके, आजच्या आज पाण्यात उतरवा.’

इंजिनाचं मात्र खरंच खोटं नाही. ड्रमात व्यवस्थित धार पडत होती, व्हिडिओ आहे.

शंकासूर | सोमवार, रात्री ११.४८

हे लिहिलंत, इथले बहुतेक लोक लिहीत नाहीत. माझं एवढंच होतं.

सदर इसम | मंगळवार, सकाळी ७.१०

आता चित्र स्पष्ट झालं. त्यांच्या बाजूने फळी भक्कम आहे (वाक्य कसं झालं बघा). तुमच्या बाजूने एक मुद्दा, साध्या तपासणीत दोष कळण्यासारखा होता का. पण चिरेवर पट्टा आणि वर रंग, हे लपवण्यात मोडू शकतं. तो मुद्दा ताणू नका.

बोट त्यांनी ताब्यात घेऊन तीन आठवडे वापरली आहे. अशा वेळी सगळा सौदा उलटवण्यापेक्षा नुकसानभरपाई हाच सहसा मार्ग उरतो. म्हणजे १,८५,००० चा प्रश्नच नको, फळी दुरुस्तीला किती लागतात हा प्रश्न. भेटायला जा. बोलणी ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’ असं लिहून करा, आणि पैसे दिले तर ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून सही घ्या. पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्या, शंभरचा गेला ऑक्टोबर २०२४ मध्ये.

इतवारी | मंगळवार, सकाळी ८.२५

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. संत्रा बर्फी न्या. हसू नका, पोरगा लग्नाचा आहे त्यांचा.

प्रतापनगरचा नावाडी | पुढचा सोमवार, रात्री ९.००

जाऊन आलो. उशीर झाला, माफ करा.

आमच्याकडे आउटबोर्डचा मिस्त्री सापडेना, म्हणून पंपाचं काम करणारे ओळखीचे मिस्त्री नेले. तांडेलांनी मला निरोपात जे जे सांगितलं ते त्यांना गाडीत वाचून दाखवलं. वैनगंगाकाठ स्वतः हजर होते, त्यामुळे वातावरण सैल झालं. भाचा पहिली दहा मिनिटं मोटारसायकलवरून उतरला नाही.

पाय उघडला. जाळीत मुळ्यांचा बोळा, इम्पेलरची तीन पाती गायब. मग घरातल्या आजोबांनी सहज सांगितलं की बोट आली त्या दिवशी पाहुण्यांना आवाज ऐकवायला अंगणातच इंजिन चालवलं होतं, ‘दोन-चार मिनिटं असंल.’ भाचा एकदम दुसरीकडे बघायला लागला. एका सिलिंडरला चरे पडलेत, दाब उतरलाय. बोअर करावं लागेल, पण इंजिन भंगार झालेलं नाही.

मग फळी. मिस्त्रींनी ठोकलं. भद्द. माझा पट्टा उचलला तर आतलं लाकूड बोटाने निघालं, चहात बुडवलेल्या टोस्टसारखं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चीर होती आणि मी ती बोललो नव्हतो. घरातल्या बाई म्हणाल्या, ‘आता सांगून राहिले.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ठरलं असं. फळी पूर्ण नवी करायचा खर्च माझा, भंडाऱ्याच्या फायबरवाल्याने १८,००० सांगितले. इंजिन त्यांचं त्यांनी करायचं, मी फक्त नवा इम्पेलर दिला. नावबदलाच्या अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या, पण पैसे मी अर्ज दाखल झाल्याची पोच आल्यावर देणार. तोवर बोट काठावर, इंजिन उतरवून घरात. एक घोळ होता, त्यांना विक्रीचा कागद तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेचा हवा होता.

सदर इसम | सोमवार, रात्री ९.१५

केला नाहीत ना?

प्रतापनगरचा नावाडी | सोमवार, रात्री ९.१८

नाही. तुम्हाला फोन करणारच होतो, तेवढ्यात वैनगंगाकाठ म्हणाले, स्टॅम्प पेपरवर विकत घेतल्याची तारीख छापलेली असते, त्याच्या आधीची तारीख कशी टाकणार? आजच्या तारखेने केला, आत ‘अमुक दिवशी, दुपारी साडेतीनला ताबा दिला’ असं लिहिलं.

सदर इसम | सोमवार, रात्री ९.२०

वैनगंगाकाठ, सनद घ्या.

देवगडचा तांडेल | सोमवार, रात्री ९.५५

फळी करताना मरीन प्लाय वापरायला सांगा, साधा नको, आणि बोल्टची भोकं इपॉक्सीने बंद करून मग पुन्हा पाडायची. आणि चौदा माणसांचं काय ठरलं?

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री १०.३०

त्याची जबाबदारी मी घेतलीय. बोटीच्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर जितकी माणसं लिहून येतील तितकीच. जॅकेटं आठ मागवलीत. भाच्याला म्हटलं, सेल्फी काढ, पण सगळ्यांची दिसली पाहिजेत. आजीबाईंनी नारळ फोडायचा बाकी आहे, फळी झाल्यावर.

मृण्मयी | मंगळवार, सकाळी १०.०५

पोच आली की इथे नक्की टाका. नंबर झाकून. मी ‘करून घेतो’वर विश्वास ठेवणं सोडलंय.

तर्रीवाला | मंगळवार, सकाळी १०.३०

अन् बर्फीचं काय झालं? इतवारीभाऊ विचारून राहिले असतील.

प्रतापनगरचा नावाडी | मंगळवार, सकाळी ११.१५

बर्फी भाच्याने एकट्याने संपवली. नंतर मोटारसायकलवरून उतरला.

शेततळेवाला | मंगळवार, दुपारी १२.४०

धागा पूर्ण वाचला नाही, मोठा आहे. बोट अजून आहे का? काटोलला शेततळं आहे माझं. शेवटचा भाव सांगा.